कणमय पदार्थांचे संगणकीय सदृशीकरण आणि कणाची आकृती

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी या गावी देवीचे प्राचीन हेमाडपंती मंदिर आहे. तेथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचा आहे. हेमाडपंती बांधणीत चुना वापरीत नाहीत. घडीव चिरे परस्परांत बसवून आणि वरच्या भाराने दाबून धरूनच वास्तू उभी राहते. याच गावावरून अकोला–पूर्णा लोहमार्ग जातो. २००८ मध्ये त्याचे मीटरगेजवरून ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. या मार्गाच्या रुळांखालीही फोडलेल्या दगडाची गिट्टी पसरलेली असून तिलाही कोणते बंधक द्रव्य नाही. दोन्ही रचनांचे स्थैर्य मुख्यतः दगडांची आकृती व त्यांमधील घर्षण यांवर अवलंबून आहे. अशा रचनांचा संगणकाच्या साहाय्याने विचार करणाऱ्या शास्त्राने मात्र आकृतीचा प्रश्न दीर्घकाळ बाजूस ठेवला. तो का ठेवला आणि पुन्हा का हाती घ्यावा लागला, हे पाहणे उद्बोधक आहे.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘आकार’ हा शब्द रूप व मोठेपणा या दोहोंसाठी योजला जातो. प्रस्तुत विवेचनात पहिल्यासाठी ‘आकृती’ व दुसऱ्यासाठी ‘आकारमान’ हे शब्द योजिले आहेत. व्यवहारातील मराठीने हा भेद निराळ्या मार्गाने राखलेला आहे. नदीतला तो गोटा आणि फोडलेली ती गिट्टी. दोहोंचे आकारमान एकच असले तरी गोट्यांवर रूळ टाकण्याचा विचार कोणी करणार नाही.

शास्त्रीय विचारात प्रारंभी कणाला स्वतंत्र स्थान नव्हते. कुलोंब याने १७७३ मध्ये मातीच्या दाबाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात माती हा अखंड पदार्थ मानून कणांचे सारे गुण घर्षण व संसक्ती या दोन राशींत सामावले होते. कणाच्या आकृतीचे मोजमाप भूविज्ञानाने पुढे आणले. हाकोन वॅडेल याने १९३२ च्या सुमारास गोलत्व आणि कोपऱ्यांची गोलाई या दोन गुणांत भेद केला. कणाइतक्याच घनफळाच्या गोलाचे पृष्ठफळ भागिले कणाचे पृष्ठफळ, हे त्याचे गोलत्वाचे माप होय. या मापाने गोलाचे गोलत्व १, तर घनाचे सुमारे ०.८१ येते.

संगणकीय पद्धतीचा आरंभ गोल कणांपासून झाला नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पीटर कंडल याने १९७१ मध्ये नान्सी येथील परिषदेत जो निबंध सादर केला, त्यात भेगाळलेल्या खडकातील कोनयुक्त ठोकळ्यांचा विचार होता. चुन्याविना रचलेल्या दगडी वास्तूंच्या अभ्यासासाठी पुढे वापरली गेलेली पद्धती याच शाखेतील होय. परंतु १९७९ मध्ये कंडल व ऑटो स्ट्रॅक यांनी कणमय पदार्थांसाठी जे प्रतिरूप प्रसिद्ध केले, त्यात कण म्हणजे केवळ वर्तुळाकार चकत्या होत्या.

या बदलाचे कारण गणनेच्या खर्चात आहे. दोन चकत्या परस्परांस स्पर्श करतात किंवा नाही, हे ठरविण्यास केंद्रांमधील अंतर त्रिज्यांच्या बेरजेहून अधिक नाही ना, एवढेच पाहावे लागते. बहुभुजांच्या बाबतीत शिरोबिंदू व कडा यांच्या जोड्या तपासाव्या लागतात, आणि हे काम प्रत्येक क्षणांशाला, प्रत्येक जोडीसाठी पुनःपुन्हा करावे लागते. तत्कालीन संगणकांना हा भार पेलणारा नव्हता. गोल कणांच्या या प्रतिरूपाने पुष्कळ ज्ञानही दिले. मुंबईच्या आय.आय.टी.त देवांग खक्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या दंडगोलातील भिन्न कण वेगळे का होतात, याचा जो अभ्यास केला, तो या क्षेत्रातील महत्त्वाचे कार्य होय.

तथापि गोल कण सहज घरंगळतो. त्यामुळे गोल कणांची रास प्रत्यक्षापेक्षा सपाट होते आणि समूहाचे बल कमी भरते. यावर दोन प्रकारचे उपाय झाले. पहिल्यात कण गोलच ठेवून घरंगळण्यास कृत्रिम विरोध जोडला. इवाशिता व ओदा यांचे १९९८ चे कार्य या प्रकारात मोडते. दुसऱ्यात आकृतीच बदलली : १९९० नंतरच्या दशकात लंबवर्तुळाकार कण आले, बहुफलक आले, अनेक गोल एकत्र जोडून घडविलेले कण आले. लिम व मॅकडॉवेल यांनी २००५ मध्ये लोहमार्गाच्या गिट्टीसाठी आठ गोलांचे घनाकृती पुंज योजिले, तेव्हा सुट्या गोलांपेक्षा त्यांचे वर्तन प्रत्यक्ष गिट्टीच्या अधिक जवळ आले.

पहिल्या उपायाची मर्यादा स्पष्ट आहे. एका प्रयोगाशी जुळावा म्हणून निश्चित केलेला विरोधांक दुसऱ्या परिस्थितीत जुळेलच, याची हमी नसते. कारण आकृतीचे परिणाम घरंगळण्यापुरते मर्यादित नाहीत. २००४ मध्ये डोनेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अस्ताव्यस्त भरलेले गोल सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात, तर विशिष्ट प्रमाणाचे विवृत्ताभ कण जवळजवळ ७४ टक्क्यांपर्यंत पोहोचतात. घरंगळण्याचा विरोध कितीही वाढविला तरी गोलांच्या राशीत ही दाटी येत नाही.

‘हेमाडपंती’ या नावाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. ज्याच्यावरून हे नाव रूढ झाले तो हेमाद्री यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री होता. बार्शीटाकळीचा शिलालेख त्याच्या पूर्वीचा आहे. नाव वर्गीकरणास सोयीचे आहे, पण त्यावरून मंदिराचा काळ ठरविता येत नाही. गोल कणाचे स्थानही तेच होय. गणनेच्या सोयीसाठी तो स्वीकारला गेला, याविषयी आक्षेप नाही. मात्र ज्या निष्कर्षावर रुळांची वा जुन्या वास्तूंची सुरक्षितता अवलंबून आहे, तेथे ही सोय कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो, हे संशोधकाने स्पष्ट सांगितले पाहिजे.