पाळण्यांतील पाय आणि मायेचा हात

श्रोतेहो, 'मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात' ही म्हण आपण मोठ्या विश्वासानें उच्चारतों. पण पाळण्यांत जें दिसतें तेंच जन्मभर टिकतें काय? या प्रश्नाचा शोध अमेरिकेंतील आयोवा राज्याच्या सरकारी विद्यापीठानें कसा घेतला, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आयोवा हा मक्याचा व डुकरांचा मुलूख. तेथील कोरा बसी हिलिस या बाईंचीं पांच मुलांपैकीं तीन मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत गेलीं. शेतकी महाविद्यालयांत डुकरांची निपज सुधारण्यासाठीं सरकार खर्च करतें, मग माणसाच्या मुलांसाठीं कां करूं नये, असा त्यांचा साधा सवाल होता. कित्येक वर्षें त्यांनीं तो लावून धरला. अखेर १९१७ सालीं कायदेमंडळानें दरसाल २५,००० डॉलर मंजूर केले आणि विद्यापीठांत बालकल्याण संशोधन केंद्र स्थापन झालें. बर्ड बाल्डविन हे त्याचे पहिले संचालक. रोगी वा व्यंग असलेल्या मुलांपुरतेंच न पाहतां सामान्य, निरोगी मूल कसें वाढतें, हें मोजून पाहणें हा केंद्राचा विशेष होय.

याच केंद्राशीं संबंध असलेले हॅरल्ड स्कील्स हे मानसशास्त्रज्ञ राज्याच्या अनाथाश्रमांतील मुलांची परीक्षा घेत असत. तेथें तान्हीं मुलें पाळण्यांत पडून असत. पाळण्यांच्या बाजूंना पांढरीं वस्त्रें लावलेलीं, दाया थोड्या, बोलावयास कोणी नाहीं. अशा दोन लहानग्या मुली मंदबुद्धि ठरून मंदबुद्धि स्त्रियांच्या संस्थेंत धाडण्यांत आल्या. सहा महिन्यांनीं स्कील्स तेथें गेले, तों त्या हंसत, धांवत, खेळत होत्या! तेथील स्त्रियांनीं त्यांना कडेवर घेतलें, खेळविलें, त्यांच्याशीं बोलल्या. औषध म्हणाल तर एवढेंच.

मग अशींच एकंदर १३ मुलें त्या स्त्रियांच्या सहवासांत ठेवलीं गेलीं. त्यांचा बुद्धिगुणांक सरासरीनें सुमारें २८ अंकांनीं वाढला. अनाथाश्रमांतच राहिलेल्या १२ मुलांचा मात्र सुमारें २६ अंकांनीं घटला; आणि हीं मुलें आरंभीं पहिल्यांहून हुशार होतीं!

१९३९ सालीं हें प्रसिद्ध होतांच वादळ उठलें. बुद्धि ही मुख्यतः आनुवंशिक, असें मानणारे लुइस टर्मन यांच्यासारखे विद्वान आयोवाकरांवर तुटून पडले. मुलें थोडीं, तुलनेचा गट मागाहून निवडलेला, हे आक्षेप अगदींच पोकळ होते असें नाहीं. परंतु खरा निवाडा काळानेंच करावयाचा होता.

स्कील्स यांनीं पुढें त्या पंचविसांचाही माग काढला आणि १९६६ सालीं निष्कर्ष छापले. त्या १३ पैकीं ११ मुलें दत्तक गेलीं होतीं आणि सर्वच्या सर्व तेरा जण मोठेपणीं स्वावलंबी होते. दुसऱ्या गटांतील एकाचा अकालीं मृत्यु झाला होता. चौघे अजून संस्थांतच होते. पहिल्या गटाचें शिक्षण साधारण बारावीपर्यंत, तर दुसऱ्याचें तिसरीपर्यंतही नव्हतें.

श्रोतेहो, पहिल्या गटाला पदवीधर शिक्षिका लाभल्या नव्हत्या. ज्यांना जगानें निर्बुद्ध म्हणून बाजूस सारलें, त्या स्त्रियांनीं या मुलांना बुद्धि दिली, असेंच म्हणावें लागतें. जन्मतः सर्व मुलें सारखीं असतात, असा याचा अर्थ नव्हे. पण उपेक्षेनें बुद्धि खुंटते आणि मायेनें ती फुलते, एवढें तरी यांतून स्पष्ट होतें. तेव्हां वर्गांत असो वा घरांत, एखाद्या पोराला 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वीं, त्याच्याशीं रोज कोण बोलतें, हें आपण आधीं विचारावें. त्या १२ मुलांच्या बाबतींत तें वेळेवर कोणी विचारलें नाहीं.