दौलताबादची द्राक्षे, पाच गावांची वाइन

मोहम्मद तुघलकाचा दात बीडजवळ पुरला आहे, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. करजणीच्या टेकडीवर त्या दाताची कबर दाखवतात. याच सुलतानाने 1327 साली देवगिरीला राजधानी आणली, तिचे दौलताबाद झाले. त्याच्या पदरी काजी असलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे येऊन गेला. या गावी द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे मराठवाड्याची आणि द्राक्षवेलीची ओळख निदान पावणेसातशे वर्षांची आहे.

त्याच शतकात इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची पाच गावे वाइनसाठी नावाजलेली होती. त्या मुलखाला चिंक्वे तेर्रे, म्हणजे पाच भूमी, म्हणतात. बोकाच्योच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये एक दरोडेखोर पोटाच्या दुखण्याने बेजार मठाधिपतीला औषध म्हणून काय देतो? भाजलेला पाव आणि कोर्निल्या गावची पांढरी वाइन!

तिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतो. सपाट जमीन नाही. ती माणसांनी केली. चुना न लावता दगडावर दगड रचून ताली घातल्या, मागे माती भरली आणि वेली लावल्या. बोस्को, आल्बारोला आणि वेरमेंतिनो या द्राक्षांपासून तिथली पांढरी वाइन होते. निवडक घड मात्र सावलीत, वाऱ्यावर, नोव्हेंबरपर्यंत सुकवतात आणि मग मणी हाताने खुडून रस काढतात. पाणी उडून गेलेले, साखर उरलेली. ती सगळी आंबत नाही, म्हणून वाइन गोड राहते. तिचे नाव शाकेत्रा.

सावलीत द्राक्षे सुकवणे आपल्याला नवे नाही. तासगावचा बेदाणा शेडमध्ये असाच तयार होतो. वाइनचा धंदा मात्र अलीकडचा. 1980 च्या दशकात नारायणगावला फेसाळती वाइन झाली, ती परदेशात उमर खय्यामच्या नावाने विकली गेली. 1999 साली नाशिकला सुला सुरू झाली, 2000 साली तिची पांढरी वाइन बाजारात आली. पुढे शेनिन ब्लांची द्राक्षे वेलीवरच जास्त दिवस राखून गोड वाइनही निघाली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले.

मी स्वतः न पिणारा. खय्यामला मराठीत आणणारे माधव ज्युलियन प्याल्याचे कौतुक करून गेले आहेत. माझे लक्ष तालींकडे जाते.

त्या पाच गावांतली तरुण माणसे शहरांत गेली, ताली ढासळू लागल्या. 1997 साली हा मुलूख जागतिक वारसा ठरला, पण त्याने दगड जागेवर बसत नाहीत. 25 ऑक्टोबर 2011 रोजी प्रचंड पाऊस झाला आणि मोंतेरोस्सो व वेर्नाझ्झा ही गावे चिखलात बुडाली. ज्या डोंगराची निगा सुटली, तो पावसाला किती दाद देणार?

कपिलधारला पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी होते. आसपासच्या बालाघाटच्या उतारावर माती अडवायची तर इथेही दगडी तालच लागते. पण दसरा-दिवाळी झाली की आमची माणसे कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. दुसऱ्यांच्या गोडीसाठी निम्मे वर्ष बाहेर! सुटलेला दगड तेवढे महिने तसाच पडून राहतो. तो पावसाआधी बसला नाही, तर पुढच्या पावसात मातीही जाते.