साने गुरुजी : खानदेशातील एक संपादक

साने गुरुजी म्हटले की आपल्यापुढे 'श्यामची आई' उभी राहते. संपादक साने गुरुजी मात्र आपण जवळजवळ विसरलो आहोत; आणि ते तर आपल्या शेजारचे! शिंदखेड्याहून भुसावळच्या गाडीत बसावे, अमळनेरला उतरावे. तिथे १९२४ ते १९३० ते शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. सकाळी मुलांनी वाचले की अंक सार्थकी लागला. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. बातमीदाराचा हात म्हणतात तो हाच.

६ एप्रिल १९३८ रोजी अमळनेरहून त्यांचे 'काँग्रेस' साप्ताहिक सुरू झाले. खरी कसोटी इथे लागली. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. आणि त्याच साली खानदेशात पिके बुडाली! शेतसारा माफ करा म्हणून गुरुजी शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. गिरणी कामगारांचीही बाजू त्यांनी घेतली. पत्राच्या कपाळावर पक्षाचे नाव, आणि मागणे त्याच पक्षाच्या सरकारकडे! आपल्याच माणसांपुढे ताठ उभे राहणे किती जड जाते, हे युनियनमध्ये उमेदवारी केलेल्याला सांगावे लागत नाही.

संपादकाला लागणारा थंडपणा गुरुजींपाशी नव्हता, हेही मी म्हणेन. लिहिताना त्यांचा गळा भरून येई. पण त्यांची वाक्ये आखूड आणि घरगुती. मी गिरणीच्या फाटकावर पत्रके वाटली आहेत. एकदा एका म्हाताऱ्या कामगाराने माझे पत्रक परत दिले नि म्हणाला, "भाऊ, हे वाचून दाखवलं तरी कळत नाही." त्या रात्री मी गुरुजींचे गद्य पुन्हा काढून बसलो.

गांधीहत्येनंतर १९४८ साली त्यांनी मुंबईत 'कर्तव्य' दैनिक काढले. ते काही महिनेच चालले. मग १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक निघाले. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी जीवनयात्रा संपवली. 'साधना' अजून निघते. पुण्याहून, दर आठवड्याला.