मचाणाचे माप

शिकारीच्या इतिहासात बंदुकीला जेवढा मान मिळाला, तेवढा शिकाऱ्याच्या बैठकीला कधीच मिळाला नाही. बंदूक कोणत्या जातीची होती, गोळी किती वजनाची होती, सावज किती पावलांवर उभे होते, यांची वर्णने पानेच्या पाने सापडतात. परंतु ज्या खाटेवर, फळीवर किंवा फांदीवर तो मनुष्य सूर्यास्तापासून अरुणोदयापर्यंत बसून राहिला, तिची लांबीरुंदी किती होती आणि तिच्यावर त्याची पावले नीट मावत होती की नाही, हे सांगण्याची तसदी फारच थोड्या लेखकांनी घेतली आहे. वस्तुतः नेम चुकला तर सावज निसटते, एवढेच. पण वीस फूट उंचीवर पाऊल चुकले तर शिकारी स्वतःच जमिनीवर येतो. म्हणून या उपेक्षित विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शिकारीचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एक पाठलागाचा आणि दुसरा प्रतीक्षेचा. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंत रथात बसून हरिणाच्या मागे धावतो, तो पहिला प्रकार. त्यात वेग, घोडा आणि सारथी यांचे महत्त्व. दुसऱ्या प्रकारात शिकारी धावत नाही. सावजाची वाट कोणती, पाणवठा कोणता, याचा माग काढून तो तेथे उंचावर दडून बसतो. या बैठकीला आपण मचाण म्हणतो. संस्कृत 'मञ्च' शब्दाच्या कुळातील हा शब्द. राजमाची, संजीवनी माची इत्यादी नावांतील 'माची' हीदेखील त्याच घरची. डोंगराच्या अंगावर मनुष्याला पाय टेकण्यापुरता मिळालेला सपाट भाग तो माची, आणि झाडाच्या अंगावर मिळालेला तो मचाण, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या जुन्या मचाणाचे एक अगदी नवे रूप अलीकडे अमेरिकेत लोकप्रिय झाले आहे. तेथील हरिणाची शिकार करणारे तिरंदाज कमरेभोवती व मांड्यांखाली एक रुंद पट्टा घेतात. तो दोराने झाडाच्या खोडास बांधलेला असतो आणि शिकारी त्यात मागे रेलून अर्धवट बसल्यासारखा, अर्धवट उभ्यासारखा राहतो. या पट्ट्याला तिकडे 'सॅडल', म्हणजे खोगीर, म्हणतात; मात्र खाली घोडा नसतो, ॲल्युमिनियमची एक लहानशी फळी असते. ती खोडाला पट्ट्याने आवळलेली असते आणि शिकाऱ्याचे दोन्ही पाय तिच्यावर टेकलेले असतात. सर्व सामान पाठीवरून रानात न्यायचे म्हणून ही फळी शक्य तितकी हलकी व आटोपशीर करण्याकडे कारागिरांचा कल असतो. खोडापासून बाहेरच्या कडेपर्यंत तिची खोली पुष्कळदा एका फुटाच्या आसपास भरते. आता ज्याचे पाऊल तीस सेंटिमीटर लांब आहे त्याचा बूट त्याहूनही दोन-तीन सेंटिमीटरांनी मोठा असतो. त्याने खोडाकडे तोंड केले की चवडा खोडाला भिडतो, टाचेचा मागचा भाग हवेत राहतो आणि धातूची कड तळव्याला रुतते. अर्ध्या तासात पाय दुखू लागतो, तासाभरात बधिर होतो. मोठ्या पावलाच्या शिकाऱ्याने कोणती फळी निवडावी, असा प्रश्न त्यामुळे उत्पन्न झाला आहे.

प्रश्न परदेशातला आणि क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधण्यास आम्हांस मुंबईच्या उपनगरांपलीकडे जाण्याचे कारण दिसत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आजची गजबजलेली नगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथे एकोणिसाव्या शतकात भातशेती, माडबने आणि रान ही तिन्ही एकमेकांस लागून होती. आणि या तीन ठिकाणी मनुष्याने उंचावर पाय टेकण्याच्या तीन निरनिराळ्या रीती काढल्या होत्या.

पहिली रीत शेतकऱ्याची. भात पोटरीस आले की दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे यांपासून ते राखावे लागे. त्यासाठी चार खांबांवर किंवा एखाद्या सोयीच्या झाडावर बांबूचा माळा घालीत. त्यावर गवत अंथरलेले, जवळ गोफण आणि दगडांचा ढीग. या माळ्याचे माप ठरे ते राखणदार त्यावर आडवा होऊ शकेल, या हिशेबाने. तो पाठीवरून कोठे न्यावयाचा नसे. एकदा घातला की हंगाम संपेपर्यंत तेथेच. त्यामुळे बांबू चार अधिक लागले तरी कोणाची तक्रार नसे. पाऊल लहान की मोठे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. मुंबईकर आपल्या इमारतीच्या मजल्यालाही 'माळा'च म्हणतो. तिसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाने हा शब्द शेताच्या राखणीसाठीही चालतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी रीत भंडाऱ्याची. माडाची माडी काढणारा हा मनुष्य दिवसातून दोन-तीन वेळा त्याच झाडावर चढे आणि अशी कित्येक झाडे त्याच्याकडे असत. झाडोझाडी फळ्या बसविणे त्याला परवडणारे नव्हते आणि आवश्यकही नव्हते. तो कोयत्याने खोडात खाचा पाडी. खाच म्हणजे फळी नव्हे. तिच्यात संपूर्ण पाऊल कधीच मावत नाही, फक्त चवड्याचा पुढचा भाग आणि अंगठा यांना आधार मिळतो. तथापि त्या एवढ्याशा आधारावर तो वर्षानुवर्षे निर्धास्तपणे चढे, याचे कारण असे की खाच त्याच्याच पायाच्या अंदाजाने पाडलेली असे. दोन खाचांतील अंतर त्याच्या ढांगेचे, खाचेचा उतार त्याच्या घोट्याच्या वळणाचा. शिवाय तो अनवाणी असे. दक्षिण भारतातील अनवाणी वावरणाऱ्या लोकांच्या पावलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशी पावले बूट वापरणाऱ्यांच्या पावलांपेक्षा रुंद असल्याचे आणि चालताना त्यांच्या तळव्यावर भार अधिक समप्रमाणात पसरत असल्याचे आढळले. मोठे पाऊल म्हणजे केवळ लांब पाऊल, अशी जी समजूत बुटाच्या क्रमांकामुळे रूढ झाली आहे ती आपल्याकडे तरी अपुरी आहे. रुंदीही तेवढीच मोजली पाहिजे.

तिसरी रीत शिकाऱ्याची. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला, आणि मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे क्षेत्र म्हणून त्यांभोवतालचे रान राखले गेले. बिबटे तेथे सदैव होतेच. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत खाडी ओलांडून वाघही अधूनमधून साष्टीत येत. या काळातील मचाण म्हणजे बहुधा एक बाज असे. ती उलटी-सुलटी करून दोरांनी फांद्यांत आवळावयाची, भोवती पाल्याचा आडोसा करावयाचा, खाली आमिष म्हणून बकरे किंवा रेडकू बांधावयाचे आणि संध्याकाळ होण्यापूर्वी वर चढून बसावयाचे. मचाण बांधणारे ठाणे जिल्ह्यातील वारली, ठाकूर, कातकरी इत्यादी रानाशी परिचित लोक. बसणारा पुष्कळदा बुटांतला साहेब किंवा त्याचे अनुकरण करणारा एतद्देशीय गृहस्थ. बाज ही निजण्यासाठी केलेली वस्तू. तिच्या सुतळीच्या विणीवर उभे राहिले की पाय रुततो. कडेला पाय सोडून बसले की लाकडी माचवा मांडीखाली रुततो. पाय वर घेऊन बसले की घटकाभरात मुंग्या येतात. कूस बदलावी तर बाज करकरते आणि सावज सावध होते. स्वतः मचाण बांधणारा मनुष्य मात्र दुबेळक्यात पाय रोवून तासन् तास स्वस्थ बसू शके. ज्याने ती बैठक बांधली त्याच्या पायांसाठी ती नव्हती, आणि ज्याच्यासाठी ती बांधली त्याच्या पायांचे माप कोणी घेतलेले नव्हते. या मचाणातील खरा दोष तो हाच.

अशा बैठकीवर किती सोसावे लागे याची कल्पना जिम कॉर्बेटच्या लेखनावरून येते. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने १९२६ साली मारला तो आंब्याच्या झाडावरील मचाणावरून, आणि त्यापूर्वी कित्येक रात्री त्याला त्या झाडावर काढाव्या लागल्या होत्या. कुमाऊंच्या नरभक्षकांवरील त्याचे पहिले प्रसिद्ध पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईतूनच काढले. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ते आवडीने वाचले गेले. पण त्यातील थरार जेवढा स्मरणात राहिला तेवढे त्या रात्रींचे जागरण आणि अवघडलेपण राहिले नाही.

या तीन रीतींवरून अमेरिकन शिकाऱ्याच्या प्रश्नास उत्तर देता येते. फळीचे माप ठरविण्यापूर्वी तीवर काय करावयाचे आहे ते ठरविले पाहिजे. एकाच जागी, एकाच दिशेस तोंड करून दीर्घकाळ थांबावयाचे असेल तर माळ्याचा न्याय लावावा: फळी मोठी घ्यावी, दोन्ही पावले बाहेरच्या अंगास थोडी वळवून ठेवली तरी टाच व चवडा दोन्ही तिच्यावर राहतील एवढी रुंद घ्यावी आणि पाठीवर शेर-दोन शेर वजन वाढले तर ते मुकाट्याने वाहावे. उलट खोडाभोवती वारंवार फिरून निरनिराळ्या दिशांस नेम धरावयाचा असेल तर भंडाऱ्याचा न्याय लावावा: फळी मध्यम असली तरी चालेल, पण तिच्या दोन्ही अंगांस खोडाभोवती एकेका पायापुरत्या पायऱ्या बांधाव्यात, म्हणजे भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर, असा पालटता येतो. दोन्ही प्रकारांत बुटाचा तळ कडक असावा, म्हणजे कड तळव्यात रुतत नाही. जे टाळावयाचे ते बाजेचे उदाहरण: दुसऱ्याच कामासाठी किंवा दुसऱ्याच माणसासाठी केलेली वस्तू केवळ ती हाताशी आहे, हलकी आहे किंवा स्वस्त आहे म्हणून झाडास बांधणे. विकत घेण्यापूर्वी ती गुडघाभर उंचीवर बांधून, रानात घालावयाचे तेच बूट घालून अर्धा तास तिच्यावर उभे राहावे. फळीने झेलावयाच्या भाराची मर्यादा पाहावी, आणि दोर झाडास बांधलेला नसताना फळीवर पाऊल ठेवूच नये. माणसास तोलून धरतो तो दोर. फळी केवळ पायांस ठाव देते.

आपल्या देशात शिकाऱ्यास हा उपदेश करण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस कडक मर्यादा घातल्या आणि १९९१च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्वस्वी बंद केली. हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे भंडाऱ्याच्या धंद्याचेही जुने स्वरूप राहिले नाही. साष्टीचे रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले आहे. तेथील बिबटे मोजण्यासाठी झाडांच्या बुंध्यांस कॅमेरे बांधतात. २०१५ साली अशा मोजणीत पस्तीस बिबटे आढळले. कॅमेऱ्यास पाय नसल्याने त्याला मचाण लागत नाही. तथापि महाराष्ट्रातील ताडोबा, मेळघाट इत्यादी रानांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील प्राणी पाहण्यासाठी हौशी माणसे आजही मचाणावर बसतात; आणि आता हातात बंदूक नसल्यामुळे बैठकीचा विचार करण्यास त्यांना पुरेशी सवड असते.

परंतु आमच्या मनात आहे तो मनुष्य निराळाच. दर पावसाळ्याच्या आधी उपनगरांतील रस्त्यांवर झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. त्या छाटणारा मजूर पुष्कळदा अनवाणी, कमरेला एक दोर बांधून, भंडाऱ्यासारखाच चढतो; मात्र पर्जन्यवृक्षाच्या किंवा गुलमोहराच्या खोडात त्याच्यासाठी कोणी खाचा पाडून ठेवलेल्या नसतात. ज्या खोगिराची हकीकत वर सांगितली ते परदेशांत वृक्षकर्म करणाऱ्या कामगारांच्या पट्ट्याचेच भावंड आहे. आपल्याकडे असे पट्टे, पायऱ्या आणि बूट या कामासाठी आणले जातील तेव्हा ते एकाच ठरावीक मापाचे गठ्ठ्याने घेतले जाण्याचा धोका आहे. आणि मग रुंद पावलाचा मजूर चावणारा बूट खाली काढून ठेवून पुन्हा अनवाणीच चढेल, आणि साधन दिले असूनही तो पडला, असा दोष त्याच्याच माथी येईल. बाजेच्या मचाणाची कथा तेव्हा पुन्हा घडेल. फरक एवढाच की साहेबाचे पाय केवळ बधिर होत, येथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून ज्यांच्याकडे ही खरेदी असेल त्यांनी प्रथम एक कागद जमिनीवर अंथरावा, चढणाऱ्या प्रत्येकास त्यावर उभे करावे आणि त्याच्या पावलाची लांबीरुंदी लिहून घ्यावी. एवढ्या कामास एक सकाळ पुरेल.