मुंबई-लंडन हवाई मार्ग

भारत व ब्रिटन यांना जोडणारा एक प्रमुख विमानमार्ग. पृथ्वीच्या गोलपृष्ठावरील सर्वांत जवळच्या रेषेने मोजल्यास मुंबई व लंडन (हीथ्रो) या विमानतळांमधील अंतर सु. ७,२०० किमी. भरते. हे अंतर कायम असले, तरी ते तोडण्यास लागणारा काळ विमानाचा पल्ला व वेग, वाटेतील थांबे, वारे आणि मार्गावरील देशांचे परस्परसंबंध यांनुसार बदलत आला आहे.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू केली. तीत काही टप्पा आगगाडीने, तर भूमध्य समुद्रावरील टप्पा जलविमानाने होई व एकूण सु. सात दिवस लागत. मुंबई या मार्गावर नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरविले आणि मुंबई या हवाई टपालमार्गाशी जोडली गेली.

एअर इंडिया इंटरनॅशनल कंपनीची पहिली लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाली. ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार एंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनीव्हा येथे थांबत सु. २४ तासांत लंडनला पोहोचले. या थांब्यांमुळे मार्गाची लांबी सु. ७,९०० किमी. होई. अंतरातील ही वाढ अल्प होती. वेळ मुख्यतः ताशी सु. ५०० किमी. वेगामुळे व थांब्यांमुळे लागे.

जिनीव्हाचा थांबा आल्प्स पर्वतामुळे जोखमीचा होता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लां पर्वतावर आदळून ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ विमान जिनीव्हाला उतरण्याच्या बेतात असता त्याच पर्वतावर कोसळले. शिखर ओलांडले गेल्याची गैरसमजूत त्यास कारणीभूत ठरली. त्यात अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्यासह ११७ जणांचा अंत झाला.

१९६० मध्ये एअर इंडियाने या मार्गावर बोईंग ७०७ ही झोत विमाने आणल्यावर वेग ताशी सु. ९०० किमी. झाला. १९७१ मध्ये आलेल्या बोईंग ७४७ विमानांमुळे प्रवासीसंख्या वाढली, वेग मात्र फारसा वाढला नाही. त्यानंतरची बचत मुख्यत्वे थांबे गाळल्याने झाली. विनाथांबा उड्डाणास लंडनकडे जाताना साधारणतः साडेनऊ ते दहा तास लागतात. परतीस वरच्या थरांतील पश्चिमी वारे अनुकूल असल्याने वेळ काहीसा कमी लागतो. घड्याळावरून प्रवासकाळ काढताना दोन्ही ठिकाणच्या प्रमाणवेळांतील साडेपाच तासांचा (उन्हाळ्यात साडेचार तासांचा) फरक विचारात घ्यावा लागतो.

पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आपले हवाई क्षेत्र बव्हंशी बंद ठेवले, तेव्हा भारतातून यूरोपला जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला. अशा प्रसंगी नकाशावरील अंतर कायम राहूनही इंधन, खर्च व प्रवासकाळ वाढतो.