एका प्रश्नाची गोष्ट
१९५० साली डॉल आणि हिल या संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांची चौकशी करून सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले. पण नुसत्या आकड्यांनी का कुणाचे व्यसन सुटते? म्हणूनच मला कौतुक वाटते ते स्वीडनच्या फागरस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञाचे. तंबाखूची ओढ मोजणारी प्रश्नावली त्याने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये तिचे अवघे ६ प्रश्न उरले. त्यांतला एक असा: झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता? ‘५ मिनिटांच्या आत’ म्हणणाऱ्याला सर्वांत जास्त, म्हणजे ३ गुण! अशाला उपदेशाबरोबर औषधाचीही जोड लागेल, हे परिचारिकेने ओळखावे. मिश्रीशिवाय जिची सकाळ उजाडत नाही, त्या आपल्या आजीलाही रागे भरण्याआधी असेच विचारून पाहावे.