११.४८

२९ मार्च १९६६. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातला विद्यार्थी चार्ल्स व्हिटमन, पूर्वीचा मरीन सैनिक, विद्यापीठाच्याच मानसोपचारतज्ज्ञाला सांगतो: शिकारीची रायफल घेऊन मनोऱ्यावर चढावं आणि माणसं टिपावीत, असं मनात येतं. डॉक्टर नोंद करतात, आठवड्याने पुन्हा बोलावतात. तो येत नाही.

१ ऑगस्ट, पहाट. त्याच्या हातून आधी आईचा, मग बायकोचा खून झालेला आहे. शहराला पत्ता नाही.

सकाळी ९ नंतर. हार्डवेअरच्या दुकानातून कार्बाइन, सीअर्समधून उधारीवर शॉटगन. मला याच घटकेपाशी थांबावंसं वाटतं. रायफल त्याच्याकडे आधीपासून होती, हे खरं. पण गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला लावणारा केंद्रीय कायदा तेव्हा नव्हताच. ज्याने चार महिन्यांपूर्वी आपलं मन उघडं केलं होतं, त्याच्या हाती बंदूक देताना कुणाला काही विचारावं लागलं नाही. हे मला सहन होत नाही.

साडेअकराच्या सुमारास. अंगात कामगाराचा पोशाख. सामान पोचवायचंय म्हटल्यावर पहारेकरी ४० मिनिटांचा पार्किंग परवाना देतो. मनोऱ्याची लिफ्ट २७व्या मजल्यापर्यंत. पुढे बंदुकांची पेटी जिन्याने ओढत.

११.४८. सज्जातून पहिली गोळी. गरोदर विद्यार्थिनी कोसळते. ती वाचते, पोटातलं बाळ नाही.

दुपारी १२ नंतर. विद्यार्थी आणि नागरिक आपापल्या रायफली आणून खालून गोळ्या झाडू लागतात. व्हिटमनला कठड्याआड दबून, पावसाचं पाणी जायच्या भोकांतून नेम धरावा लागतो. कॉलेजच्या आवारात बंदुका हव्यात म्हणणारे आजही हा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. फक्त तो शेवटच्या मिनिटापर्यंत वाचावा.

१.२४. पोलीस रामिरो मार्टिनेझ आणि ह्यूस्टन मॅक्कॉय सज्जात शिरून त्याला ठार करतात. तेव्हाही खालच्या गोळ्या भिंतींवर आदळतच असतात. वरचा माणूस मारेकरी की पोलीस, हे खालून कुणाला कळणार? गोळीबार थांबवा म्हणून मार्टिनेझला ओरडावं लागतं. ९६ मिनिटांत डझनाहून जास्त माणसं गेलेली असतात.

१ ऑगस्ट २०१६. बरोबर पन्नास वर्षं. परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या इमारतींतही लपवून पिस्तूल बाळगू देणारा टेक्सासचा कायदा लागू होतो. खासगी विद्यापीठांना 'नको' म्हणायची मुभा आहे, सरकारी विद्यापीठांना नाही. बिन लादेनवरच्या मोहिमेची सूत्रं हाताळणारे विल्यम मॅक्रेव्हन तेव्हा टेक्सास विद्यापीठसमूहाचे कुलपती होते. त्यांनी विरोध केला होता, तो चालला नाही. त्याच दिवशी मनोऱ्यावरचं घड्याळ मृतांच्या स्मरणार्थ ११.४८ला थांबवलं गेलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं गेलं.